चार बोटं वजा

सकाळी आठ वाजता नदी किती आहे, हे खोऱ्यात एकाच बाईला विचारायचं, पट्टीकाकूला. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही डोकं खाजवून आठवावं लागायचं. काठावरच्या दगडगोट्यांत रोवलेली लोखंडी पट्टी, तिच्यावर पांढरे आकडे. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि कचेरीला फोन करून कळवायचं, एवढंच काय ते काम. पण अकरा वर्षांत एक सकाळ चुकली असेल तर शप्पथ! ताप अंगात असताना गेली, माहेरचं लग्न अर्ध्यात सोडून गेली. एकदा तर नवऱ्याशी कडाक्याचं भांडण चालू होतं, तेव्हा "थांबा, आलेच" म्हणून गेली, आकडा कळवून आली आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू झाली.

कचेरीला आकडा मीटरमध्ये लागे. खोऱ्यातल्या लोकांना मीटरशी काय देणंघेणं? दूधवाला सायकलला कॅन लटकवून उथळ उतारातून नदी ओलांडायचा, त्याला काकू ओरडून सांगायची, "गुडघाभर आहे, ये!" नाहीतर, "कंबरभर आहे, पुलावरून जा मुकाट्याने!" वर डोंगरात बांबू तोडणारे त्यांचे तराफे नदीत सोडण्याआधी फोन करत. त्यांना सांगायची, "मधला खडक बुडलाय, सोडा खुशाल." वाळूत टरबुजं लावणाऱ्या बाईला, "खालची रांग आजच काढून घे गं." आणि खालच्या अंगाला वीटभट्टीवाल्याला, "तुझ्या कच्च्या विटांपासून पाणी अजून दोन हात लांब आहे, झोप निवांत." डोंगरातला बांबू, मधल्या पट्ट्यातलं दूध आणि टरबुजं, खालच्या विटा, असं सगळं खोरं शेवटी एकाच बाजारपेठेत जाऊन विकायचं, आणि निघायच्या आधी काकूला विचारायचं. काकूला याचा गर्व होता. होताच! तिने तो कधी लपवला नाही.

लपवली होती ती दुसरीच गोष्ट. काकू कळवायची तो आकडा पट्टीवरचा नव्हताच.

त्याचं असं झालं. काकूच्या सासूबाईंचा जीव दोनच गोष्टींवर. एक म्हैस, आणि दुसरी म्हणाल तर तीही म्हैसच. सून घरात आली त्या दिवशी सासूबाईंनी भाजी चिरायची सुरी तिच्या हाती दिली, ती परत कधी घेतली नाही. मात्र म्हशीचं सगळं स्वतः करायच्या. तर ही लाडावलेली म्हैस पाण्यावर गेली की पट्टीला मान घासत उभी राहायची. रोज घासून घासून सहा वर्षांपूर्वी एके दिवशी तिने पट्टी चक्क आडवी पाडली. काकूचा नवरा नावाडी, तो धावला, दूधवाला धावला. दोघांनी पट्टी सरळ उभी केली, वरून ओंडक्याने ठोकली. आणि पुरुषांच्या हातात ठोकायला काही दिलं की जे होतं तेच झालं. थांबायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेजारच्या मोठ्या खडकावर जुनी छिन्नीने मारलेली रेघ होती. पाणी रेघेला लागलं की पट्टीवर बरोबर तीन मीटर, हे काकूला पाठ होतं. आता पाणी रेघेला लागलं, तर पट्टी जास्त दाखवायला लागली. काकूने हात लावून बघितलं. बरोबर चार बोटं पट्टी जादा खोल गेली होती. नवऱ्याने ओढली, दूधवाल्याने ओढली, शेवटी जिने पाडली तिलाच दोर बांधून ओढायला लावली. पट्टी तसूभर हलली नाही.

"कळवते कचेरीला," काकू म्हणाली.

"कळव की," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या म्हशीचं नाव सरकारी कागदावर गेलं, की त्या दिवसापासून माझं जेवण बंद."

मग करणार काय? काकू रोज पट्टी वाचायची, मनातल्या मनात चार बोटं वजा करायची, म्हणजे आठ सेंटीमीटर, आणि उरेल तो आकडा कळवायची. सहा वर्षं हे असं बिनबोभाट चाललं.

आणि एका सकाळी पावणेआठला जीप आली. जीपमधून तपासणीच्या बाई उतरल्या. उंच, काटक, हातात तिपाई, गळ्यात दुर्बिणीसारखं यंत्र. "तुमचं काम चालू द्या," त्या काकूला म्हणाल्या, आणि शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

पट्टीवर दोन पंच्याऐंशी दिसत होतं, तिलाही आणि बाईंनाही. दोन पंच्याऐंशी सांगितलं तर सुटली. पण तिकडे दूधवाला सायकल धरून तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि टरबूजवाली टोपली घेऊन उभी होती. काकूने फोन लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "दोन सत्त्याहत्तर."

"हे कुठून आणलं?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

"पट्टीवरून..."

"पट्टीवर दोन पंच्याऐंशी आहे. तुम्ही नदी आठ सेंटीमीटर कमी सांगितलीत. खालच्या गावांना पुराचा इशारा तुमच्या आकड्यावरून जातो, कल्पना आहे का?" बाईंनी पिशवीतून एक पत्र काढलं. "ज्याचा आकडा चुकेल त्याला त्याच दिवशी कामावरून कमी करायचं, असा हुकूम आहे. उद्यापासून इथे दुसरं कोणीतरी वाचेल."

काकूला रडूच आलं. अकरा वर्षांच्या सकाळी डोळ्यांपुढून गेल्या. दूधवाला मधे पडणार, तेवढ्यात नवऱ्याने नावेतून हाक मारली, "मॅडम, चूक माझी आहे, ठोकली मी!" त्यावर दूधवाला ओरडला, "अर्धी मी!" बाईंना काही कळेना, कोणी कोणाला ठोकलं.

काकूने पदराने डोळे पुसले. "मॅडम, मला काढा. पण जो कोणी येईल त्याला एक सांगा. पट्टीवरचा आकडा तसाच कळवायचा नाही, चार बोटं वजा करायची. नाहीतर हा दूधवाला रोज उगाच पुलाचा फेरा घालेल, त्याचं दूध नासेल. बांबूवाल्यांना खडक बुडला असं वाटेल आणि त्यांचे तराफे त्याच खडकावर फुटतील. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण हे तेवढं लिहून ठेवा."

"चार बोटं?" बाई म्हणाल्या. "का?"

आता आली का पंचाईत! काकूने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हशीची दोरी धरून काठावर उभ्या होत्या. त्या दोरी ओढत तरातरा पुढे आल्या आणि म्हैस बाईंच्या समोर उभी केली. "हिच्यामुळे," त्या म्हणाल्या. "घ्या लिहून हिचं नाव. पण माझ्या सुनेला कामावरून काढलंत तर बघा! तिच्यासारखी नदी वाचणारी तुम्हाला दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही."

काकू बघतच राहिली. तेवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा म्हैस मागे पडली होती.

सगळी हकिकत ऐकून तपासणीच्या बाईंनी तिपाई उभी केली. यंत्रातून खडकावरची रेघ बघितली, मग पट्टी बघितली, मग वहीत काहीतरी मांडलं. पुन्हा पहिल्यापासून सगळं बघितलं. काठावर एवढी शांतता, की म्हशीचं रवंथ ऐकू यावं.

"आठ," शेवटी त्या म्हणाल्या. "आठाला आठ. पट्टी आठ सेंटीमीटर खोल आहे." मग काकूच्या जवळ आल्या. "हात दाखवा बघू." त्यांनी स्वतःची चार बोटं काकूच्या बोटांना लावून बघितली. "माझी सातच भरतात."

"तुम्ही लेखणी धरता, मॅडम," काकू म्हणाली. "मी वल्हं पण मारते."

बाई पहिल्यांदाच हसल्या. हसायला लागल्यावर मात्र चांगल्या हसल्या, थेट खडकावर बसून. मग वही मांडीवर घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "आकडा बरोबर, पट्टी चुकीची. नवी पट्टी मिळेपर्यंत रोज वजावट करावी." त्या थांबल्या. "आता इथे आठ सेंटीमीटर लिहिलं, तर उद्या कोणीही येऊन वाचेल. कचेरीत रांग आहे या जागेसाठी. म्हणून लिहिते, वजावट चार बोटं. बोटं सध्याच्या वाचक बाईंचीच धरावीत."

"आणि नवी पट्टी कधी येईल?" नवऱ्याने भीत भीत विचारलं.

"मागणी केली की येईल," बाई यंत्र आवरत म्हणाल्या. "म्हशीला मान घासायला वेगळा खांब पुरून द्या, तो झाल्याचं मला कळवा, मग मी मागणी करते. आणि हे बघा, मला काही घाई नाही."

जीप गेली. दूधवाल्याने तोवर दम धरला होता, आता त्याने विचारलं, "काकू, किती?"

"मांडीभर! जा, कॅन उंच धर!" काकू ओरडली, आणि तिचा आवाज आनंदाने असा चिरकला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी घेऊन बसली. सुरी हातात घेते न घेते, तोच सासूबाई आल्या. त्यांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, पाट ओढला आणि भोपळा पुढ्यात घेऊन स्वतः चिरायला बसल्या.

"अहो आई, मी करते ना," काकू म्हणाली.

"सरक तिकडे," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "सरकारी बोटं आहेत ती. कापलीबिपली तर नदी कोण मोजणार?"