मॅग्नमच्या डबीतली हलकी काडतुसं

ऑक्टोबरातल्या एका सकाळी सुलो केरानेनने कॉफीत पाव बुडवता बुडवता जाहीर केलं की यंदा तो शिकारीच्या कॅम्पला जाणार नाही. घरीच राहील आणि लेम्पीला मदत करील. लेम्पीच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून तिने बरंच काही ऐकून घेतलं होतं, पण इतकं भयंकर काही ऐकलं नव्हतं.

आमच्या कोस्किला गावात नोव्हेंबरची पंधरा तारीख म्हणजे सणच. शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद, पाद्रीबुवासुद्धा प्रवचन आवरतं घेतात, आणि गावातले झाडून सगळे बाप्ये हरणांच्या मागे रानात पळतात. पंधरा दिवस एका खोपटात एकमेकांचं घोरणं ऐकत पडतात आणि त्याला सुख म्हणतात. मागे बायका काय करतात हे कुणी विचारत नाही, म्हणून बायकाही सांगायला जात नाहीत. लेम्पीची धाकटी बहीण आउने त्या दिवसांत मुक्कामाला यायची. दोघी भरदुपारी सौना, म्हणजे वाफेची खोली, तापवून घाम काढत बसायच्या, रात्रीच्या जेवणाला नुसता केक खायच्या, आणि झोपताना लेम्पी पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून झोपायची. उरलेलं वर्ष ती याच पंधरा दिवसांच्या भरवशावर काढत असे.

तसा सुलो वाईट नव्हता हो. पण उभा जन्म त्याने सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ लोटला होता, आणि निवृत्त झाल्यापासून लोटायला त्याला लेम्पीशिवाय काही उरलं नव्हतं. ती भांडी घासायला लागली की हा पाठीशी उभा, ती तळघरात गेली की हा जिन्यावर. मागच्या हिवाळ्यात ती दोन तास चर्चमध्ये गेली, तेवढ्यात याने तिचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. वेलची शोधताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असा माणूस नोव्हेंबरातही घरात?

गुडघा दुखतो, असं सुलोने कारण दिलं. गुडघा कसला दुखतोय. दुखणं भिंतीवर टांगलेलं होतं. कॅम्पचा नियम असा, की हरीण समोर येऊन ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याची मागची बाजू कात्रीने कापायची, त्यावर नाव लिहायचं आणि खोपटाच्या भिंतीवर ठोकायची. सुलोचं फडकं लागोपाठ दोन वर्षं लागलं होतं. दोन्ही सदरे लेम्पीनेच ठिगळ लावून शिवले होते, त्यामुळे तिला आकडा पाठ होता. तिसऱ्या वर्षीही चुकलं की माणसाची रानातली जागा जाते, त्याच्या गळ्यात स्वयंपाकाचं फडकं बांधतात आणि तो बटाटे सोलत बसतो. त्यातून कॅम्पचा कारभारी आर्व्हो. त्याच्याकडे आजोबांच्या वेळची, थर्टी-थर्टी नावाची हलकी रायफल, आणि तीस वर्षं सुलो तिला ससे हुसकायचं यंत्र म्हणत आला होता. त्या आर्व्होच्या हातून बटाट्यांची टोपली घ्यायची म्हणजे सुलोला मरण होतं.

कारण सुलोची बंदूक म्हणजे थ्री हंड्रेड मॅग्नम. काडतूस हे असं बोटाएवढं. त्याने अस्वल मरतं, घोड्याएवढं एल्क सांबर मरतं, आणि सुलोच्या म्हणण्याप्रमाणे हरीण तर आवाजानेच अर्धं मरतं. गावात लग्न असो की मयत, कुणी काडतुसाचा विषय काढला, किंवा नाही काढला, तरी सुलोचं मॅग्नमपुराण सुरू. लेम्पीची स्वतःची छोटी रायफल होती. बटाट्याच्या वाफ्यात आलेलं हरीण ती दरवर्षी मागच्या पायरीवरून, पायातल्या सपाता न काढता, टिपायची आणि त्यावर हिवाळा निघायचा. त्या बंदुकीला सुलो विणकामाची सुई म्हणत असे, आणि ते मटण मात्र दोनदा वाढून घेत असे.

खरा प्रकार लेम्पीने सप्टेंबरातच पाहिला होता. दोघं खडीच्या खाणीत नेम धरायला गेले होते. सुलो पालथा पडला, गाल दस्त्याला लावला, चाप ओढला. बार उडालाच नाही, कारण बंदूक अडवून ठेवणारा सुरक्षेचा खटका लावलेला होता. पण सुलोने डोळे गच्च मिटले, खांदा चोरला आणि बंदुकीचं तोंड वीतभर खाली आपटलं. म्हणजे धक्का बसायच्या आधीच माणूस धक्का खात होता. इतकी वर्षं मॅग्नमच्या लाथा खाऊन त्याचा खांदा आता बंदूक नुसती पाहूनच दचकत होता. त्याने हळूच मान वळवून बायकोने पाहिलं का ते पाहिलं. लेम्पी तेव्हा फार मन लावून एका कावळ्याकडे बघत होती.

तर उपाय हवा होता, आणि तो सुलोला कळता कामा नये. लहान रायफल घे म्हणावं, तर तो घरीच राहणार. गावातल्या दुकानात विचारावं, तर जेवणवेळेपर्यंत कॅम्पभर होणार. तिने दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि तासभर गाडी हाकत दुसऱ्या गावी गेली. तिथे दुकानाच्या फळीमागे डोरीन नावाची बाई होती. लेम्पीने तिला एक ओळखीचा माणूस आहे, हट्टी आहे, असं सांगायला सुरुवात केली. डोरीनने तिला मध्येच थांबवून तो साठीच्या पुढचा आहे का, आणि मॅग्नम ना, एवढंच विचारलं. असे तिच्याकडे दर ऑक्टोबरला येत होते, म्हणजे त्यांच्या बायका येत होत्या.

डोरीनने आधी दस्त्याला लावायची रबरी गादी दाखवली. लेम्पी म्हणाली, ती पाहून कॅम्पवाले याला उशीसुद्धा देतील. मग नळीच्या तोंडाला बसवायचा एक जाळीदार तुकडा निघाला. त्याने धक्का कमी होतो, पण आवाज असा होतो की शेजारच्या रानातला माणूसही बहिरा व्हावा. तोही गेला. शेवटी डोरीनने खालच्या कप्प्यातून एक डबी काढली. मॅग्नमचीच काडतुसं, त्याच मापाची, त्याच रायफलीत बसणारी. फक्त आत दारू कमी आणि गोळी हलकी. हरीण किती लांबून मारतो, असं तिने विचारलं. लेम्पीने सांगितलं, त्याची जागा देवदारांच्या दलदलीत आहे, तिथे हाकेच्या पलीकडचं काही दिसतच नाही. मग ही पुरून उरतील, डोरीन म्हणाली. तेवढ्या अंतरावर हरणाला काही फरक कळत नाही.

"आणि माणसाला?" लेम्पीने विचारलं.

"माणसाला हवं तेवढंच कळतं," डोरीन म्हणाली.

घरी येऊन लेम्पीने सुलोची जुनी डबी रिकामी केली आणि त्यात नवी काडतुसं भरली. सुलो चष्मा लावत नाही, चष्म्याने म्हातारा दिसतो म्हणे, हे बरंच झालं. मग तिने त्याला बोलण्यात घेतलं. जायचं नसेल तर नको जाऊ, पण आर्व्हो काल दुकानात म्हणत होता, की सुलोची जागा आता मोकळीच समजा. आर्व्होला ती महिनाभर भेटलीसुद्धा नव्हती. सुलो कॉफी टाकून उठला आणि बंदूक घेऊन गाडीत जाऊन बसला. लेम्पीही शेजारी जाऊन बसली.

खाणीत पहिला बार झाला. सुलोने डोळे गच्च मिटले होते, ते उघडले. बंदुकीकडे पाहिलं, खांद्याकडे पाहिलं. लेम्पीचा जीव टांगणीला लागला. सुलोने दुसरा बार काढला, मग तिसरा, आणि प्रत्येक वेळी त्याचं अंग थोडं थोडं सैल होत गेलं. गोळ्या जरा खाली लागत होत्या, तर बंदुकीवरची दुर्बीण गाडीत आपटली असेल असं तीच पुढे होऊन म्हणाली, आणि त्याने पेच फिरवून ती जुळवून घेतली. मग तो उठून उभा राहिला आणि छाती काढून म्हणाला, की जनावर असो की बंदूक, मालकाचा हात कळला की गुमान राहतं. दुसऱ्या कुणाच्या खांद्याला ही असली मॅग्नम झेपायची नाही. लेम्पीने मान डोलावली. घरी आल्यावर तिने हळूच आउनेला फोन करून केकचं सामान आणायला सांगितलं.

सुलो कॅम्पला गेला. गाडी वळणाआड दिसेनाशी झाली तशी लेम्पी पायरीवरच बसली आणि खूप हसली. त्या रात्री ती पलंगाच्या मधोमध झोपली. शिकार उघडली तेव्हा दोघी बहिणी खिडकीशी कॉफी पीत बसल्या होत्या. लांबून बार ऐकू येत होते, आणि लेम्पी मनातल्या मनात म्हणत होती, लागू दे रे देवा, त्याचं फडकं भिंतीवर जाऊ देऊ नकोस. देवाकडे इतक्या कळकळीने तिने मुलांच्या परीक्षेच्या वेळीही काही मागितलं नव्हतं.

देवाने ऐकलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात गाडी वाजली. दोघी सौनातून नुकत्याच निघून, अंगाला झगे गुंडाळून, टेबलावर केक आणि पत्ते मांडून बसल्या होत्या. सुलो आत आला. दाढी वाढलेली, तोंडभर हसू. मागे गाडीत चांगला थोराड नर, डोक्यावर ही अशी शिंगं. एका गोळीत, जागच्या जागी. आर्व्हो सकाळपासून बोलत नव्हता, आणि सुलो कालपासून थांबला नव्हता. मॅग्नमचं सगळं पुराण त्याने कॅम्पवर पहिल्यापासून लावलं होतं.

लेम्पीने त्याचं कौतुक केलं आणि परत कधी निघणार ते विचारलं. सुलो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं, लेम्पी."

"काय ठाऊक होतं?"

"काडतुसांचं. तीस वर्षं त्या बंदुकीची लाथ खाल्ली आहे मी. पहिल्याच बाराला कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? दाढेचं खोटं सांगून एवढी लांब गेलीस. गुपचूप डबी भरून ठेवलीस. चार लोकांत माझी लाज राखलीस." त्याचा आवाज जरा चिरकला, आणि ते लपवायला तो नाक शिंकरू लागला. "ते सगळे म्हणत होते, थांब, अजून तेरा दिवस आहेत, मजा करू. मी म्हटलं, नाही. जी बाई माझ्यासाठी एवढं करते, तिला मी दरसाल पंधरा दिवस एकटी टाकून येतो. आता पुरे. आता दरवर्षी हरीण मारलं की घरी."

आउनेने पत्ते तोंडासमोर धरले आणि तिचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत हा माणूस एवढं सलग, आणि बंदूक सोडून दुसऱ्या कशाबद्दल, पहिल्यांदाच बोलला होता. तिला त्याचा भयंकर राग आला होता. त्या रागात तिला थोडं बरंही वाटत होतं, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

"पण का गं केलंस एवढं?" सुलोने विचारलं.

लेम्पीने त्याच्याकडे सरळ पाहिलं. आयुष्यात एकदा तरी खरं सांगावं असं तिला वाटलं. "तू घरी राहू नयेस म्हणून," ती म्हणाली.

सुलो असा हसला, असा हसला, की टेबलावरचे पेले हलले. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने लेम्पीचा हात हातात घेतला आणि आउनेला म्हणाला, "बघ, ही अशी आहे. जीव टाकील, पण प्रेमाचं एक अक्षर तोंडातून काढायची नाही."

लेम्पीने हात तसाच राहू दिला. आता काय सांगणार, आणि सांगून विश्वास कोण ठेवणार? सुलोने डोळे पुसले, बूट काढले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.