बुवांची पगडी

आठवड्यात तीन लग्नांचे फोटो काढून संयोगिता पार थकून गेली होती. तरी ती घडियाळी पोळ या जुन्या गुजराती मोहल्ल्याजवळच्या देवळात कीर्तनाला आली. प्रदर्शनासाठी कीर्तनावरचे बारा फोटो उद्या पाठवायचे होते आणि कीर्तनकार दामोदरबुवांचा एकही मनासारखा आला नव्हता. निवड झाली नाही, तर पुन्हा वर्षभर लग्नंच.

बुवा निरूपणात रंगले होते. पेंगुळलेल्या संयोगिताच्या तोंडून लग्नात 'इकडे बघा' म्हणायच्या सवयीने गुजरातीतच निघून गेलं, "काका, आ बाजू जुओ, जरा हसो!"

झांजा थांबल्या. बुवा चिपळ्या उंचावून खरंच हसत उभे राहिले.

"अगं, मी नवरदेव वाटलो की काय तुला? मग नवरी कुठंय?"

सगळं देऊळ हसलं. संयोगिता शरमेने खांबाला टेकून बसली आणि तिने कॅमेरा मांडीवर ठेवला.

पूर्वरंग संपला, श्रोत्यांनी भजन धरलं. शेजारच्या कमळाबाई सगळ्यांना बुक्का लावत तिच्यापर्यंत आल्या. "दमलीस गं बाई," एवढंच म्हणाल्या. तिला एकदम भरून आलं.

समोर बुवाही पाटावर टेकले होते. गळ्यात हार, पगडी मांडीवर, पाठ वाकलेली. ओठ मात्र भजनासोबत हलत होते. देवाचं नाव घेता घेता माणूस इतका थकतो, हे तिला आजवर दिसलंच नव्हतं. तिने कॅमेरा उचलताच बुवांनी घाईने पगडी डोक्याकडे नेली.

"राहू द्या, बुवा," ती हळूच म्हणाली. "असेच बसा."

बुवांनी पगडी पुन्हा मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.