मिठाची हाव

नईमचं कुपवाडच्या एमआयडीसीत लेथचं लहानसं वर्कशॉप होतं. तयार माल त्याची बायको सुमैरा तपासायची. तिच्या नजरेतून एकही खराब बुश, यंत्रात बसणारी छोटी धातूची नळी, सुटायची नाही.

तिला थायरॉईड निघाला तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. गल्लीत चार बायकांना होता. सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पण गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात सुमैरा जास्तच बिघडली. उभी राहिली की अंधारी यायची, खाल्लेलं उलटून पडायचं, तरी एका जागी बसवायचं नाही. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून दारात. तपासलेलाच माल ती पुन्हा पुन्हा तपासू लागली. मग कामगार आपल्याबद्दलच कुजबुजतात म्हणून तिनं वर्कशॉप सोडलं.

एका दुपारी तिनं ताट लोटलं. सासूला म्हणाली, "अम्मी, तुमी ह्यात विष कालवता."

रहिमतबीनं त्याच ताटातला घास उचलून खाल्ला. सुमैरा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. तिचा विश्वास बसला नाही.

नातेवाइकांनी सांगितलं म्हणून नईमनं तिला दर्ग्यावर नेलं. फरक पडेना. शेवटी दोघं मायलेक तिला सांगलीला मनाच्या डॉक्टर राजेश्वरींकडं घेऊन गेले. सुमैरा तिथंही दारापाशी येरझाऱ्या घालत होती.

"अजून काय बदललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

रहिमतबी म्हणाली, "लय काळी पडलीय. उन्हात न्हाई जात, तरी. आन् मीठ खाती. नुसतं. चिमटीनं."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. सुमैराच्या तळहाताच्या रेषा पाहिल्या, हिरड्या पाहिल्या. काळपट होत्या. झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं केलं. ती खालीच बसली.

"हिला लगेच भरती करायचं," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडावर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांचा रस आटलाय, म्हणून कातडी काळवंडते, मिठाची हाव सुटते. मन त्यानंच सैरभैर झालं असावं."

"मग थायरॉईडची गोळी चुकीची व्हती?" नईमनं विचारलं.

"गोळी बरोबर होती. पण तिच्याआधी या रसाची गोळी लागते; ती नसल्यानं हिचा त्रास वाढला."

रक्त तपासणीला गेलं, आणि उत्तराची वाट न बघता इंजेक्शन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सुमैरानं चहा मागितला. हळूहळू संशय गेला, पण आठवण गेली नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अम्मी, मी तुमाला काय काय बोलले."

"बोललीस. लय लागलं मला," रहिमतबी म्हणाली. "आजार व्हता, कळतंय. पण मला जरा येळ लागंल."

आता गोळ्या जन्माच्या होत्या. ताप आला तर दुप्पट. अचानक बिघडलीच तर म्हणून नईम इंजेक्शन द्यायला शिकला. सुमैरा पुन्हा माल तपासू लागली, पण छातीत जरा धडधडलं की तिला कळेना, हे शरीर की मन?

रमजान आला. डॉक्टरांनी रोजा धरू नका म्हणून बजावलं होतं. तरी पहिल्या दिवशी तिनं कुणाला न सांगता, गोळी न घेता रोजा धरला. सकाळी दहा वाजेपर्यंत हात थरथरायला लागले. तिनं सासूला हाक मारली.

रहिमतबी स्वतः रोज्यात होती. तिनं गोळ्या आणि पाणी पुढं केलं. "आजाऱ्याला सूट हाय. घे."

सुमैरानं गोळ्या गिळल्या. थरथर लगेच थांबली नाही. रहिमतबीनं तिचा दंड धरला आणि म्हणाली, "नईमला फोन लाव, इंजेक्शन द्यायला ये म्हनावं."