मोतीलालचं काळीज

“बिडी तुमीच पेटवा, डॉक्टर. तोडली तुमी, आता देयाची बी तुमीच.”

बंडूजी तापेल तव्यावानी तडतडून राह्यला होता. ओलं धोतर, भादरेल डोकं, हातात बिडीचा कट्टा. नदीच्या काठावर त्याच्या लहान्या भावाच्या, मोतीलालच्या, दहाव्याचे पिंड मांडेल होते, आन् कावळे समोरच्या बाभळीवर नुसते बसेल होते. भाताकडे पाहत, मान वाकडी करत, पण खाली एकही उतरत नव्हता. ऊन डोक्यावर आलतं. कावळा शिवल्याबिगर कोणाले घरी जाता येत नाई, आन् गेलेल्याले पुढं जाता येत नाई, हे तर लेकरालेही माहीत.

सारे म्हणत, मोतीलालचा जीव बिडीत अटकला. आर्वीच्या बाजारात सरकीच्या ढेपीचं दुकान होतं त्याचं, पण दुकानात ढेपीपेक्षा धुराचाच वास जास्त. एक इझाले आली का तिच्यावरच दुसरी पेटे. श्रीनिवास डॉक्टरानं त्याची बिडी सोडवली. नादच होता डॉक्टराले तो. ताप घेऊन या, मोडेल पाय घेऊन या, तो पयले इचारणार, बिडी ओढता का, छातीत दुखते का. बिडीनं खोकला होते हे कोणीही सांगते. हा म्हणे काळजाच्या नसा बुजते. तवा महाराष्ट्र झाला नव्हता, आर्वी मध्य प्रदेशात होती, मोठे डॉक्टर नागपूरले बसत. ते याले हासत. एकानं तर सिगरेट फुकता फुकताच म्हटलं, काळीज दाखव ना बाप्पा एखादं, नुसत्या बाता काय मारतं.

मोतीलालनं मात्र आयकलं. त्याचं पाहून बाजारातल्या लय जणांनी बिडी फेकली. आन् मंग मोतीलालच मेला. डॉक्टराच्याच दवाखान्यात, खाटेवर, छाती धरून.

म्हणून बंडूजीचा हट्ट. डॉक्टरानं साऱ्यांसमोर बिडी पेटवाची, झुरका मारून पिंडापाशी ठेवाची. मांगं उभ्या हरिदास अडत्यानं तर आपली बिडी कानावर आधीच खोचून ठेवली होती. डॉक्टराची पेटली का याची पेटणार, मंग साऱ्या बाजाराची.

डॉक्टर कावळ्यांकडे पाहून राह्यला होता. ते काऊन येत नाई, हे त्या काठावर त्याले एकट्यालेच माहीत होतं.

मोतीलाल मेला तवा बंडूजी बैलबंडी आणाले गेलता. पडद्यामागं डॉक्टर आन् मुडदा, दोघंच. मोतीलाल जित्यापणी म्हणे, “मेल्यावर खोलून पाह्यजा डॉक्टर, अंदर काय जळलं ते.” गमतीनं म्हणे, आन् गमतीनंच म्हणते हे डॉक्टरालेही समजे. तरी त्यानं चाकू घेतला. काळीज काढून बरणीत ठेवलं, छाती शिवली, आन् घरच्यायले सांगतलं का पाणी भरलं होतं, ते काढलं. त्यायनं तर उलट डॉक्टरालेच हात जोडले. मंग डॉक्टरानं नसा पाह्यल्या. चुना भरेल बोरूवानी कडक. नागपूरवाल्यायची तोंडं बंद करणारं काळीज भेटलं होतं त्याले.

पण तवापासून नळी कानाले लावली का मोतीलालच आयकू ये. म्हातारीच्या छातीवर लावो का तान्ह्या लेकराच्या, तोच ठोका. पडे, चुके, मंग धावत ये, दुकान उघडाले उशीर झाल्यावानी. डॉक्टरानं बरणीवर टॉवेल टाकला. मंग अलमारीले कुलूप लावलं. मंग त्या खोलीत जाणंच सोडलं. शेवटी आपल्याच छातीवर नळी ठेवली, तर तथीही मोतीलाल.

गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू, लावू पिंडाले आन् मोकळे होऊ. बंडूजी खेकसला का भाऊ खरा मेला, कावळा खोटा कायले? त्यानं बिडी डॉक्टराच्या तोंडापाशी नेली आन् काडी ओढली. बाभळीवर एकदम चूप झालं. साऱ्या कावळ्यायनं माना वळवल्या. पिंडाकडे नाई, डॉक्टराकडे.

बंडीत बसेल अनुसयाबाई, मोतीलालची बायको, आता खाली उतरली. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

“भाऊजी, राहू द्या ती बिडी. माह्या सपनात येते ना ते. बिडी नाई मांगत. छातीवर हात फिरवते आन् घरभर काहीतरी ढुंढते.” मंग तिनं डॉक्टराकडे पाह्यलं. “डॉक्टरसाहेब, त्यायचं काय राह्यलं तुमच्यापाशी?”

काही नाई, येवढंच म्हणाचं होतं. येवढं म्हटलं का काळीज नागपूरले जाते, हासणारे गप होते, पुढं कोणाकोणाचे जीव वाचते. खरं सांगतलं तर ते आज चितेवर, आन् उद्या आर्वीत याच्या दवाखान्याची पायरी कोणी चढत नाई. डॉक्टरानं तोंड उघडलं. कानाले नळी नव्हती, तरी ठोका पडला. चुकला.

“काळीज,” तो म्हणाला. “बरणीत आहे. कोणाले न इचारता काढलं मी.”

काडी बंडूजीच्या बोटापर्यंत जळत आली, त्याले समजलंही नाई. मंग त्यानं डॉक्टराची कॉलर धरली. अशी धरली का गुंडी तुटून वाळूत पडली. कोणी सोडवाले आलं नाई. हरिदासही नाई.

“मारा, बंडूजी,” डॉक्टर म्हणाला, “पण आल्यावर मारा. दिवस बुडाच्या अंदर घेऊन येतो. सोडा, मले आता निंगा लागते.”