कौल दोन, गाडी एक

मी बोलतेय, राखाडी रंगाची मोटरसायकल. सध्या मुक्काम पोलादपूरच्या डोंगरातली एक वाडी, पण माझी गोष्ट सुरू होते महाडात, हायवेलगतच्या एका शोरूममध्ये. त्याआधीचं फारसं आठवत नाही. कारखान्यातला लखलखाट, ट्रकमध्ये बांधून आणलं तो प्रवास, आणि विक्रेत्या किशोरने माझ्या अंगावरचं प्लास्टिक फाडता फाडता दिलेली ऑर्डर, "ही कोपऱ्यात लावा रे. लाल पुढे घ्या."

लाल म्हणजे माझी बहीण. दोघी एकाच कंपनीच्या, इंजिनही एकच. पण तिला डोक्यापासून चाकापर्यंत कपडे. चकचकीत लाल आवरण, पुढे टोकदार नाक, खाली वाकलेलं हँडल, मागची सीट उंच उचललेली. उभी असली तरी धावतेय असं वाटायचं. तिचं नाव स्पोर्ट बाइक.

आणि मी? मी उघडी. इंजिन, नळ्या, वायरी, जे काही आहे ते सगळं चारचौघांत. सरळ हँडल, सपाट सीट. माझ्या जातीला 'नेकेड बाइक' म्हणतात. किशोर हा शब्द कॉलेजच्या पोरांसमोर ठसक्यात म्हणायचा, आणि कुणाची आई सोबत असली की त्याला नेमका खोकला यायचा.

लोक आत शिरायचे ते थेट लालकडे. तिच्यावर बसून फोटो काढायचे. फोटो काढताना टेकायला माझा उपयोग व्हायचा. दिवसभर कोपऱ्यात उभं राहिलं की मनात नको ते विचार येतात. आपल्यात काही कमी तर नाही? आपण जरा जास्तच साध्या आहोत का? माझ्यात एक गोष्ट बरी होती, दोन मोठे गोल आरसे. पण आरसे बघून गाडी कोण घेतं?

एके दिवशी चौघं आली. पुढे प्रवीण, एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला. त्याच्या मागे त्याची बायको अनुपमा, कडेवर चार वर्षांचा ऋत्विक. सर्वांत मागे प्रवीणची आई रंगूबाई, हातात नारळाची पिशवी. गाडी अजून ठरली नव्हती, नारळ मात्र ठरलेला होता.

प्रवीण सरळ लालकडे गेला. तिच्या टाकीवर हात ठेवून असा उभा राहिला, की किशोरने लगेच तिचे कागद काढायला घेतले.

अनुपमा मात्र दोघींभोवती फिरली. माझी सीट दाबून पाहिली, मागची पकडायची दांडी हलवून पाहिली, पाय ठेवायची जागा वाकून पाहिली. मग स्वतःशीच पुटपुटली, "बघतेय तर अशी, जसं मला सगळं कळतं."

रंगूबाई खुर्चीवर टेकल्या आणि किशोरने दिलेलं सरबत पीत त्याला सगळं सांगून मोकळ्या झाल्या. "आमची सून गाडीवर बसतच नाय बघ. पोरगा मांडीवर असताना दासगावच्या वळणावर खडीवरून गाडी सरकली. देवीची कृपा, पोराला खरचटलंसुदीक नाय. हिचं कोपर तेवढं फुटलं. पण तवापासून धसकाच घेतलान. आता तुडीलला माहेरी जायचं तरी शेअरच्या मिनीडोर रिक्षानं. ह्यो गाडीवरनं पुढं, ही पोराला घेऊन मिनीडोरनं मागनं. नवराबायको एका गावाला जातायत, पण येगयेगळी!"

"मावशी, मग गाडी कशाला घेताय?"

"ती बसंल म्हनून."

मला तेव्हा कळलं, की इथे प्रश्न माझा आणि लालचा नाहीच.

"मग दादा, कुठली फायनल?" किशोरने विचारलं.

"लाल," प्रवीण म्हणाला.

"ही," अनुपमा म्हणाली. दोघं एकदमच.

प्रवीण हसला. "अगं, मी देवीला कौल लावून आलोय. सोनबा गुरवांनी पाकळ्या लावल्या, उजवी पडली. लालला होकार आहे."

अनुपमाचा चेहरा पडला. "अहो, मीसुद्धा लावून आले. हिच्यासाठी. माझीपण उजवीच पडली."

त्यांच्या गावची ही रीत. मोठं काही करायचं तर आधी गावदेवीला विचारायचं. गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर देवी 'हो' म्हणाली, डावीकडची पडली तर 'नको'. घरातलं कुणीतरी एक जातं, सगळ्यांच्या वतीनं विचारतं. इथे दोघंही एकमेकांना न सांगता जाऊन आली होती.

रंगूबाईंना इतकं हसू आलं, की सरबत पदरावर सांडलं. "एका घरात ऱ्हाऊन दोघंपन चोरून गेलात? आन त्यो सोनबा बघा, एका शब्दानं बोलला नाय!"

"पण आई, देवीने दोघांना हो कसं म्हटलं?"

"तुमी इचारलंत काय? ही घेऊ का? ती म्हनाली, घे बाबा. दोघींतली कुठली, ते कोनी इचारलंच नाय. देवीला काय शोरूम दाखवायला आनलीवती?"

किशोरला खोकला आला. या वेळी खरा.

अनुपमा मात्र हसली नाही. ऋत्विकचा शर्ट सारखा करत ती हळूच म्हणाली, "विचारायचं होतं ते मी विचारलंच नाही, आई."

"काय गो?"

"मी परत मागे बसेन का, ते."

प्रवीणने लालच्या टाकीवरचा हात काढला. "अनु, नको वाटत असेल तर राहू दे. पुन्हा कधीतरी येऊ."

"त्याला देवी कशाला आन पुन्यांदा कशाला?" रंगूबाईंनी नातवाला आपल्याकडे ओढलं. "गाडी हाय, नवरा हाय, रस्ता हाय. बसून बघ. नाय जमलं तर उतर. कोन हसनार हाय? मी सोडून?"

अनुपमाने हेल्मेट घातलं. पट्टा लावला, काढला, परत लावला. आणि ती आधी लालवर बसली, कारण नवऱ्याचा जीव तिच्यावर होता.

सावित्रीच्या पुलापर्यंत जाऊन ती दोघं परतली. प्रवीण उतरला तो पाच वर्षांनी लहान होऊन. अनुपमा उतरली ती हातपाय जागेवर आहेत का ते बघत.

"मागची सीट म्हणजे माळा आहे हो," ती म्हणाली. "तुम्ही खाली पालथे, मी वर एकटी. ब्रेक लागला की तुमच्या पाठीवर आदळत होते. डोळे उघडलेच नाहीत मी. पण..."

"पण काय?"

"तुम्ही फार खूश दिसता हिच्यावर. घ्या लालच. माझं काय, मिनीडोरची सवय झालीय मला."

ती रुसून बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

"वहिनी, हिच्यावरपण एक चक्कर मारा ना," किशोर म्हणाला. "हिलापण देवीनं हो म्हटलंय."

ती माझ्यावर बसली. मागची दांडी तिनं अशी धरली, जणू मी आभाळात उडणार होते. मीही घाबरले होते. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता बघत होते आणि पाठीवर असं माणूस! वाटलं, आपलं चाक सरकलं तर? आपला ब्रेक कचकन लागला तर? दोघी एकाच काळजीत निघालो.

माझ्या डाव्या आरशात तिचा चेहरा दिसत होता. डोळे घट्ट मिटलेले. बाजूने एसटी गेली तेव्हा ते आणखी मिटले. प्रवीणने वेग कमी केला. माझ्यावर माणूस ताठ बसतो, त्यामुळे तिचं तोंड बरोबर त्याच्या कानाशी होतं.

"अनु, ऐकू येतंय का?"

"येतंय."

पुढचं वळण त्याने सावकाश घेतलं.

मग ती एकदम म्हणाली, "अहो, पुढे खडी आहे. उजवीकडून घ्या."

प्रवीणने उजवीकडून घेतली. आणि मग त्याच्या लक्षात आलं. खडी त्याच्याआधी तिला दिसली होती. त्याने माझ्या आरशात पाहिलं. तिचे डोळे टक्क उघडे होते. त्याच्या खांद्यावरून ती रस्ता बघत होती, कपाळाला आठ्या घालून, जणू गाडी तीच चालवतेय अशा थाटात.

शोरूममध्ये परतल्यावर तो किशोरला एवढंच म्हणाला, "ही."

"दादा, पण लाल?"

"ही."

का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण आरसा माझा होता.

रंगूबाईंनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूचा हार घातला. मग मला नीट निरखून म्हणाल्या, "गो बाई, ही तर उघडीच हाय! पावसात भिजंल नाय?" घरी गेल्या गेल्या त्यांनी आपलं जुनं हिरवं लुगडं काढून माझ्यावर पांघरलं. आज पडवीत मी तेच नेसून उभी असते. लाल बहिणीसारखे कपडे मिळाले नाहीत, पण काठपदराचं मिळालं.

आता तुडीलला सगळी एकत्र जातात. ऋत्विक दोघांच्या मध्ये, हेल्मेटमध्ये अर्धा बुडालेला. अनुपमाच्या सूचना अखंड चालू असतात. "अहो, कुत्रा." "अहो, गतिरोधक." "अहो, तो रिक्षावाला बघत नाहीये." तिची भीती गेलेली नाही, ती कामाला लागली आहे एवढंच. प्रवीण सगळ्याला "हो, हो" म्हणतो. एखादी स्पोर्ट बाइक सुसाट पुढे गेली, की मात्र त्याची मान तिच्यामागे वळते. मला वाईट वाटत नाही, असं म्हटलं तर खोटं होईल.

काल, पाऊस उघडल्यावर, आम्ही आंबेनळी घाटात गेलो. फक्त दोघं आणि मी. ऋत्विक आजीपाशी होता, त्यामुळे अनुपमाने घाट चढेपर्यंत घरी भरपूर फोन केले. वर चहाच्या टपरीपाशी एक ओळखीचं टोकदार नाक दिसलं. माझी लाल बहीण! दासगावच्या स्वराज नावाच्या तरुणाने तिला घेतलं होतं. तो वाकलेल्या हँडलने भरून आलेली मनगटं चोळत चहा पीत होता. ती मात्र मजेत दिसली. तिला तिचं माणूस मिळालं होतं.

प्रवीण तिच्याकडे बघत राहिला. अनुपमाने ते बघितलं, आणि तीच स्वराजला म्हणाली, "भाऊ, ह्यांना एक चक्कर मारू द्याल? फार दिवसांची हौस आहे." मग नवऱ्याला, "जा. वळणं जपून घ्या. मी हिच्यापाशी थांबते."

लाल गुरगुरत गेली. अनुपमा माझ्या मागच्या सीटवर बसली. इकडे तिकडे पाहिलं. स्वराज फोनमध्ये होता. "बघू तरी," ती म्हणाली आणि पुढे सरकली. तिने पहिल्यांदाच माझं हँडल धरलं. पाय जमिनीला टेकतात का ते पाहिलं. टेकले. माझ्या आरशात तिने स्वतःला पाहिलं आणि हेल्मेट सरळ केलं.

प्रवीण परतला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तो लालवरून उतरायचं विसरला.

"घाटात नको," ती म्हणाली. "उद्या खाली सपाटीला शिकवा. आणि ओरडायचं नाही."

"आणि मी कुठे बसू?"

"मागे. खडी दिसली की सांगायचं."

आता माझं वय फार नाही, म्हणून निरोप घेत नाही. मागणं थोडंच आहे. चेनला वेळेवर तेल द्या, टायरची हवा बघत जा, आणि गाडी निवडताना ती कशी दिसते याबरोबर मागे बसणारीचे डोळे उघडे आहेत का, तेही एकदा आरशात बघा.

सकाळ झाली आहे. रंगूबाईंनी लुगडं बाजूला केलंय, आणि "बघू तरी म्हारानी कशी चालवते" म्हणून नातवाला घेऊन खालच्या सपाट मैदानाच्या कडेला येऊन बसल्या आहेत. अनुपमाने पट्टा लावला, काढला, परत लावला. तिने डाव्या हाताने माझा क्लच घट्ट दाबून धरला आहे.

बाई, घाबरू नका. क्लच हळू सोडा. पुढे खडी नाही, मी बघितलंय.