दुसरी पातळी

“दहा की बारा?”

“साहेब, दगड मारणारे काही रांगेत उभे नव्हते हो.” दूतावासातला सहायक पलीकडून वैतागला होता. “दहा-बारा असतील. बंदराच्या मुख्य फाटकापाशी. वीस मिनिटांत पांगले.”

“जखमी?”

“एक. तोही पळताना पडला.”

“आपल्यापैकी?”

“नाही. आता मी चहा घेऊ का?”

मसुदेकारांनी फोन ठेवला आणि वहीत ‘दहा ते बारा’ असं लिहून खाली रेघ मारली. परदेशी जाणाऱ्या नागरिकांसाठी सूचना काढणाऱ्या या विभागात त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक असू द्या, औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, लष्करी इमारतींचे फोटो काढू नका, शक्यतो अनोळखी टॅक्सीत बसू नका, ही सगळी वाक्यं त्यांच्या हातची. ‘शक्यतो’ हा शब्द त्यांनी इतका वापरला होता की कचेरीत त्यांचं नावच ‘शक्यतो साहेब’ पडलं होतं. स्वतः ते विमानात एकदाही बसले नव्हते.

प्रत्येक देशाच्या पानावर माथ्याशी एक पातळी असते. पहिली, नेहमीची काळजी घ्या. दुसरी, जास्त काळजी घ्या. तिसरी, गरजेशिवाय जाऊ नका. चौथी, जाऊच नका. बंदराच्या त्या देशाची पातळी दोन वर्षं दुसरी होती. आणि मसुदेकारांची मुलगी आज संध्याकाळी सहा चाळीसच्या विमानानं त्याच बंदराला निघाली होती, पाणी शुद्ध करायच्या कारखान्यात दीड वर्षाच्या कामावर. पातळी तिसरी झाली तर विमा लागू होत नाही, आणि विम्याशिवाय तिची कंपनी कुणालाच पाठवत नाही.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून साडेदहाला बायकोचा फोन आला.

“अहो, टीव्हीवर दगडफेक दाखवतायत.”

“दहा-बारा माणसं होती.”

“मोजत बसा तुम्ही. तिसरी करा ना. एका आकड्याचा तर प्रश्न आहे.”

“असं करता येत नाही.”

“जगाच्या पोरांची काळजी करण्यात जन्म गेला तुमचा. आपल्या पोरीच्या वेळीच हात आखडतो?”

त्यांनी काही उत्तर द्यायच्या आत फोन बंद झाला होता.

त्यानंतर मसुदेकारांचं बूड खुर्चीला टेकेना. ते पाणी प्यायला गेले आणि न पिताच परत आले. खिडकी उघडली, कागद उडाले म्हणून लावली, पुन्हा उघडली. सहायकाला दुसरा फोन केला, मग तिसरा. तिसऱ्या फोनला त्यानं घरातल्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं, “साहेब, सगळं शांत आहे. मी आत्ताच तिकडून जाऊन आलो, उत्तरेच्या फाटकानं. मुख्य फाटकावर उगाच गर्दी असते, म्हणून आम्ही सगळे तिकडूनच जातो.” साडेअकराला मसुदेकारांनी पानावरचा दोनाचा आकडा खोडला आणि त्या जागी तीन लिहिला. दगडफेक ती दगडफेक, असं ते पुटपुटले. ऐकायला कुणी नव्हतं.

बाराला वाचन असे. पान बाहेर जाण्याआधी समोरच्या टेबलावरची पडताळणीवाली बदललेलं प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाची आणि विचारी, “कशावरून?” मसुदा लिहिणाऱ्यानं उत्तर द्यायचं, मगच तिची सही. ही पद्धत मसुदेकारांनीच पाडलेली. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी ऐकीव बातमीवरून एका बेटाची पातळी वाढवली होती. बेटावर काहीच झालं नव्हतं. तिकडे कामाला निघालेले दीडशे गवंडी तेवढे घरी बसले.

तिनं वाचलं, “पातळी तिसरी. गरजेशिवाय जाऊ नका.” मान वर केली. “कशावरून?”

“दगडफेक झाली.”

“किती माणसं?”

“दहा ते बारा.”

“आपलं कुणी जखमी?”

“नाही.”

“मागच्या महिन्यात शेजारच्या देशात चाळीस जण होते. तेव्हा तुम्ही दुसरीच ठेवलीत, सर.”

“हो.”

ती खालच्या आवाजात म्हणाली, “त्या बंदरात आपली तीनशे दहा माणसं कामाला आहेत. कालच नोंदणी बघितली. विमा जाईल त्यांचा.”

मसुदेकारांनी वहीतल्या ‘दहा ते बारा’खाली आणखी एक रेघ मारली.

“मुलगी आजच निघतेय ना तुमची?”

“सहा चाळीस.”

तिनं पेनाचं टोपण काढलं. “असं करू. आज मी सही करून टाकते. काही विचारलं नाही असं समजा. उद्या परत दुसरी करू. एका दिवसानं कुणाचं काय जातंय?”

मसुदेकारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पेन कागदापासून बोटभर वर थांबलं होतं.

“बाई, पुन्हा विचारा.”

“काय?”

“कशावरून, ते.”

“विचारलं की.”

“माझ्याकडे उत्तर नाही.” त्यांनी पान ओढून घेतलं, तीनावर काट मारली आणि बाजूला दोन लिहिला. मग जरा वेळानं तळाशी एक ओळ घातली. पडताळणीवालीनं वाचली, “बंदरात जाता-येताना शक्यतो उत्तरेकडचं फाटक वापरा. कशावरून?”

“दूतावासाची माणसं स्वतः तिकडूनच जातात. तिसऱ्या फोनला कळलं.”

तिनं सही केली.

दुपारी तीनला मुलगी कचेरीत आली. पाठीवर एक पिशवी, हातात एक.

“सूचनांचं पान घे,” मसुदेकार म्हणाले.

“पाठ आहे, बाबा. लहानपणी दुसऱ्या पोरी गाणी म्हणायच्या, मी ‘बॅगेला कुलूप लावा’ म्हणायचे.” तिनं टेबलावरचं पान मात्र उचललं, आधी माथ्यावरचा आकडा बघितला आणि मग बापाकडे. “आई म्हणत होती, तुम्ही वाढवाल.”

“उत्तरेचं फाटक वापर.”

“शक्यतो,” ती म्हणाली आणि तिनं एक कागद पुढे केला. “पासपोर्टची प्रत. सूचना चौथी, एक प्रत घरच्यांकडे ठेवा.”

त्यांनी सवयीनं मुदत तपासली. मग शेवटच्या पानाची प्रत. ‘अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं’ या रकान्यात तिनं या टेबलावरच्या फोनचा नंबर लिहिला होता. देशोदेशीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेला, मदतीचा.

“हा कचेरीचा आहे. घरचा का नाही दिलास?”

“घरचा आई उचलते. ती आधी रडते. तुम्ही आधी ‘कुठून बोलताय’ विचारता.”

ती वाकून पाया पडली आणि निघाली. मसुदेकार खिडकीपाशी गेले, पण ती खिडकी मागच्या बाजूला उघडत होती.

साडेपाचला कचेरी सुटली. पडताळणीवालीनं जाताना त्यांच्या टेबलावरचा दिवा लावला. मसुदेकार बसून राहिले. सहा चाळीस झाले. सहा पंचेचाळीसला फोन वाजला. दुसऱ्या घंटेला त्यांनी उचलला आणि डाव्या हातानं नोंदीचा छापील कागद ओढला.

“कुठून बोलताय?”

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं.

“घरून,” बायको म्हणाली.

कागदावर दुसरा प्रश्न छापलेला होता, ‘आपण सुरक्षित आहात का?’ मसुदेकार तो वाचत राहिले. फोन त्यांनी कानापासून काढला नाही.