टापूवर वाट नको

मी टापू बोलून राहिलो. हसू नका, मातीच्या ढिगालाही जीव असतो. जामुलजवळच्या तलावातला गाळ काढताना मजुरांनी मधोमध माती टाकली आणि मी झालो. ना झाड, ना सावली. लोक म्हणायचे, काय कामाचा हा उकिरडा!

मग एका उन्हाळ्यात सुरय पाखरं आली. राखाडी पंख, काळी टोपी, पिवळी चोच. त्यांना अशीच मोकळी जमीन हवी असते. माझ्या अंगावर, उघड्यावरच त्यांनी अंडी घातली. भोवती पाणी, म्हणून कुत्री फिरकत नसत. काय सांगू, मी तर हरखूनच गेलो!

जवळच्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले सुखराम रोज बायकोला, मनकर्णाबाईंना घेऊन काठावर यायचे. मुलगा पुण्याला, यांचा सगळा जीव या पाखरांत.

यंदा तलाव फार आटला. पिल्लं नुकतीच अंड्यांतून निघाली होती. सुखरामना चैन पडेना.

"उपाशी असतीन बिचारे. भात नेऊन देतो."

"अजी, ते मासे खाणारे पाखरं. तुमचा भात कावून खातीन?" मनकर्णाबाई हसल्या. "अन् जासान कसे?"

"वाट करतो ना!"

उथळ पाण्यात त्यांनी प्लांटच्या भट्टीतून निघालेल्या स्लॅगचे दगड टाकले, त्यांवरून तोल सावरत आले आणि माझ्यावर भात पसरला. मी ओरडत होतो, अहो नका, नका! पण मातीचं ऐकतं कोण? सुरयांनी भाताला चोचही लावली नाही. कुत्र्यांना मात्र वास लागला. त्याच दगडांवरून ती आली.

सकाळी एकही पिल्लू उरलं नव्हतं. पिल्लांच्या आया वर घिरट्या घालत नुसत्या ओरडत होत्या. सुखराम डबा घेऊन आले, बघितलं आणि मटकन खाली बसले.

"मीच मारले वो लेकरं."

मनकर्णाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझं तर काळीज फाटलं.

सुखरामनी दगड काढून टाकलेत. आता ते काठावरच बसतात, पाखरं डोक्यावरून गेली तरी मान वर करत नाहीत. पाखरंही एक चक्कर मारतात अन् निघून जातात. माझ्यावर उतरत नाहीत.

मी कुणाला दोष देत नाही. त्या माणसाची माया खरी होती, तेच तर दुःख आहे. एवढंच मागतो, माया करायची तर काठावरून करा. माझ्याकडे तुम्ही कुणी येऊ नका हो. म्हणजे कदाचित ती येतील.